मोदक निळा का पडला?

अबू हमूरमध्ये संध्याकाळी शाळा सुटायच्या वेळेला रस्त्यावर नुसत्या व्हॅन असतात. शाळेच्या, एसी दुरुस्तीवाल्यांच्या, लाँड्रीच्या, पाण्याच्या बाटल्यांच्या आणि डबेवाल्यांच्या. जवळपास प्रत्येकीच्या अंगावर काहीतरी छापलेलं असतं. पुढच्या वेळी सिग्नलला थांबलात की त्यातल्या जुन्या गाड्यांकडे नीट बघा. बिर्याणी निळसर दिसेल. टोमॅटो जांभळट. हसणाऱ्या मुलाचा चेहरा आठ दिवस थंडीत कुडकुडल्यासारखा.

आमच्या ओळखीच्या एक वहिनी इथे घरगुती डबे आणि सणाच्या ऑर्डरी करतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी जुनी पांढरी व्हॅन घेतली आणि हौसेने तिच्यावर केळीच्या पानावरचा मोदक छापून लावला. केशराची काडी, तुपाची धार, सगळं. दोन उन्हाळे झाले. आता बॉनेटवरचा मोदक निळा आहे, पान मोरपंखी आहे आणि तूप दिसतच नाही. बाजूच्या दारांवरचा मोदक त्या मानाने बरा आहे. ज्या दुकानातून छापून घेतलं होतं तिथे त्या विचारायला गेल्या. दुकानदार म्हणाला, "पुन्हा छापू, आणि या वेळी वरून गाडीचा क्लिअर कोट मारून देतो. पाच वर्षं बघायला नको." वहिनींनी मला फोन केला, "तू प्लॅस्टिकमध्येच पीएचडी केलीयेस ना? मारून घेऊ का?"

मी नको म्हणाले. आणि मग फोनवर दोन मिनिटांत सांगता येईना की का नको. म्हणून हा लेख.

आधी निळ्या मोदकाचं कोडं. छपाईत चार मूळ शाया असतात: निळसर सायन, गुलाबी मजेंटा, पिवळी आणि काळी. मोदकाचा पिवळसर पांढरा, केशराचा भगवा, हे सगळं पिवळ्या आणि मजेंटाच्या मिश्रणातून येतं. पिवळ्या आणि मजेंटा शायांमधली रंगद्रव्यं उन्हात तुलनेने लवकर मोडतात. काळ्या शाईत काजळी असते, म्हणजे कार्बन. त्याला ऊन काही करत नाही. आणि सायनमध्ये असतं कॉपर थॅलोसायनिन. १९२८ साली स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमथच्या कारखान्यात एका भांड्याच्या आतलं इनॅमल तडकलं, आतलं लोखंड रसायनाला लागलं आणि त्यातून निळसर गाळ तयार झाला. त्या चुकीतून जे संशोधन सुरू झालं त्यातून हे रंगद्रव्य बाजारात आलं. त्याच्या रेणूची बांधणी हरितद्रव्याच्या आणि रक्तातल्या हीमच्या नात्यातली आहे, मध्ये धातूचा अणू आणि भोवती नायट्रोजनचं कडं. हा रेणू उन्हापुढे फार चिवट. तेव्हा मोदक निळा 'पडत' नाही. निळा होताच, बाकीचे रंग त्याला सोडून गेले. आपल्या गावच्या चौकातले वाढदिवसाचे फ्लेक्स निवडणूक होईपर्यंत टिकले तर भावी आमदार निळे का होतात, त्याचंही उत्तर हेच.

आता प्रश्न असा की हे थांबवायला वर पारदर्शक थर हवा का? हवाच. छापलेल्या शाईचा वाळलेला थर दोन-चार मायक्रॉनचा असतो. तुमच्या केसाची जाडी साधारण सत्तर मायक्रॉन. एवढ्या पातळ शाईवर थेट ऊन, धूळ आणि पेट्रोलचे शिंतोडे घेणं म्हणजे पापड गच्चीवर टाकून पावसाची वाट बघण्यासारखं आहे. माझा वाद थर हवा की नको हा नाहीच. कोणता थर, किती जाड, कधी लावलेला आणि कोणी लावलेला, हा आहे.

इथे एक गैरसमज आधी काढून टाकते. क्लिअर कोट म्हणजे चकाकी, असं आपल्याला वाटतं, कारण गाडी नवी असताना तो चमकतो. चमक हा वरचा नफा आहे. या थराचं खरं काम आहे खाली जाणारं अतिनील ऊन स्वतः खाणं आणि झिजणं. त्यात अतिनील शोषणारे रेणू मिसळलेले असतात, बेंझोट्रायझोल जातीचे. अशा रेणूवर अतिनील किरण पडला की त्यातला एक हायड्रोजन ऑक्सिजनवरून शेजारच्या नायट्रोजनवर उडी मारतो आणि लगेच घरी परततो. सेकंदाच्या अब्जाव्या भागापेक्षाही कमी वेळात. या येण्याजाण्यात किरणाची ऊर्जा साधी उष्णता होऊन निघून जाते. रेणू पुन्हा तयार. हे तो लाखो वेळा करतो, पण कायम नाही. कधीतरी तोही मोडतो.

आणि हे शोषण जाडीवर कसं अवलंबून असतं तेही पाहा, कारण सगळा घोळ इथेच होतो. समजा एखाद्या थराच्या १० मायक्रॉनमधून २० टक्के अतिनील पार जातं. मग २० मायक्रॉनमधून १० टक्के जाईल असं वाटतं ना? जातं ४ टक्के. ३० मायक्रॉनमधून ०.८ टक्का. प्रत्येक दहा मायक्रॉनला उरलेल्याचा पाचवा हिस्सा. उलटही तितकंच खरं: फवारणाऱ्याचा हात एखाद्या ठिकाणी हलका पडला आणि ३० ऐवजी १० मायक्रॉनच बसले, तर त्या जागी तिप्पट नाही, पंचवीसपट अतिनील खाली जातं. कारखान्यात तयार झालेल्या लॅमिनेट फिल्मची जाडी सगळीकडे सारखी असते. हाताने फवारलेल्या थराची नसते, आणि डोळ्यांना ते दिसतही नाही. दोन्ही सारखेच चमकतात.

कतारमध्ये हे सगळं अधिक कडक का होतं तेही सांगते. दोहा साधारण २५ अंश उत्तर अक्षांशावर. २१ जूनच्या मध्यान्ही सूर्य इथे क्षितिजापासून ८८ अंशांवर असतो, म्हणजे जवळजवळ डोक्यावर. पुण्यातही जूनमध्ये तो जवळपास डोक्यावरच असतो, पण पुण्यावर तेव्हा पावसाळी ढग यायला लागतात. इथे जून ते सप्टेंबर ढग औषधालाही नाही. डोक्यावरचं ऊन बॉनेटवर आणि टपावर सरळ आपटतं, दारांवर तिरकं घसरतं. म्हणून वहिनींचा बॉनेटवरचा मोदक आधी गेला आणि दारावरचा राहिला. विनाइल बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांची माहितीपत्रकं वाचलीत तर त्यात जगाचे हवामानानुसार पट्टे केलेले सापडतील, आणि आखाती देश सर्वात कडक पट्ट्यात. तिथे टिकाऊपणाची वर्षं कमी होतात आणि आडव्या पृष्ठभागासाठी तर अजून कमी. दुकानदार तुम्हाला 'सात वर्षं' सांगतो तो आकडा बहुतेक वेळा उत्तर युरोपातल्या उभ्या भिंतीचा असतो. यात तो खोटं बोलतोच असं नाही. त्यालाही कोणी तेवढंच सांगितलेलं असतं.

शिवाय उष्णता. उन्हात उभ्या असलेल्या गडद गाडीचा पत्रा सहज सत्तर अंशांच्या वर जातो. रसायनशास्त्रातला ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की बऱ्याच अभिक्रियांचा वेग दुप्पट होतो. २०२१ पासून इथे १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी १० ते दुपारी ३:३० उघड्यावर काम करायला बंदी आहे. ती माणसांना आहे, आणि असायलाच हवी. व्हॅन मात्र त्या वेळात पार्किंगमध्ये उभीच असते.

मग गाडीला इतकी वर्षं टिकणारा क्लिअर कोट स्टिकरवर का नको?

कारण गाडीचा क्लिअर कोट पत्र्यावरच्या रंगासाठी बनलेला आहे आणि विनाइल हा पत्रा नाही. विनाइल म्हणजे पीव्हीसी, मुळात कडक प्लॅस्टिक. त्याला मऊ करायला प्लॅस्टिसायझर नावाचे तेलकट रेणू मिसळतात. स्वस्त फिल्ममध्ये हे रेणू लहान असतात आणि लहान रेणू भटके असतात. नव्या गाडीच्या काचेवर आतून जो चिकट धुरकटपणा येतो त्यात त्यांचा वाटा असतो. वर क्लिअर कोट मारला की ते हळूहळू त्यात शिरतात. वरचा थर चिकट होतो, त्यावर धूळ बसते, आणि खालची फिल्म मऊपणा गमावून ठिसूळ होते. म्हणजे दोघांचंही नुकसान.

दुसरं, ताणाचं गणित. पोलाद दर मीटरला दर अंशाला साधारण १२ मायक्रोमीटर प्रसरण पावतं, पीव्हीसी त्याच्या पाच-सहापट. रात्रीचे २५ अंश आणि दुपारचे ७५, असा ५० अंशांचा फरक धरला तर मीटरभर पत्रा ०.६ मिलिमीटर वाढेल आणि मोकळं विनाइल तीन ते साडेतीन मिलिमीटर. डिंक त्याला धरून ठेवतो म्हणून ते तेवढं सरकत नाही, पण तो सगळा ताण थरांमध्येच जिरवावा लागतो. रोज. पत्र्यासाठी बनवलेला कडक क्लिअर कोट त्यात बारीक बारीक तडकतो. त्या भेगांतून पाणी आणि ऊन आत जातं, आणि मग छापील चित्र काचेला तडे गेल्यासारखं दिसतं.

तिसरं रासायनिक आहे आणि माझ्या आवडीचं आहे, म्हणून जरा थांबते. उन्हात मोडताना पीव्हीसी हायड्रोजन क्लोराइड सोडतं. शुद्ध पीव्हीसी खरं तर सूर्यप्रकाश शोषतच नाही, पण कारखान्यातून येतानाच त्याच्या साखळीत दोष राहिलेले असतात आणि सुरुवात तिथून होते. एकदा सुरू झालं की सुटलेलं आम्लच पुढच्या मोडतोडीला मदत करतं. आता क्लिअर कोटमध्ये अतिनील शोषकांच्या जोडीला आणखी एक रखवालदार असतो, हिंडर्ड अमाइन जातीचा. तो उन्हाने तयार झालेले मुक्त मूलक पकडतो आणि पुन्हा पुन्हा वापरता येतो. उत्तम रेणू. फक्त तो अमाइन आहे, म्हणजे अल्कधर्मी, आणि आम्ल मिळालं की त्याचं क्षार बनून तो निकामी होतो. पत्र्यावरच्या रंगात पीव्हीसीच्या आम्लाचा हा प्रश्न येत नाही. पीव्हीसीवर येतो. तिथे कमी अल्कधर्मी जातीचा अमाइन लागतो, आणि विनाइलसाठीच लॅमिनेट बनवणाऱ्या माणसाने हा विचार करायचा असतो. गाडीचा क्लिअर कोट बनवणाऱ्याने तो का करावा?

आणि क्लिअर कोटमधले द्रावक? सॉल्व्हंट शाई विनाइलला चिकटते ती विनाइलचा वरचा पापुद्रा किंचित विरघळवून. वरून तशाच तीव्र द्रावकाचा ओला थर आला की तीच शाई पुन्हा सैल होते, रंग पसरतात, कडा वळतात.

इथे कोणी म्हणेल, माझ्या मोटरसायकलच्या टाकीवरच्या नक्षीवर तर क्लिअर कोट आहे आणि दहा वर्षं झाली तरी तशीच आहे. खरं आहे. ती नक्षी त्यासाठीच बनवलेली असते, अतिशय पातळ, आणि कारखान्यात ठरलेल्या क्रमाने लेपलेली. आणि ती कधी काढायची नसते. व्हॅनवरची जाहिरात तुम्हाला उद्या बदलायची आहे, फोन नंबर बदलेल, गाडी विकाल. लॅमिनेट केलेली चांगली फिल्म गरम हवेने तापवून सोलून निघते. क्लिअर कोटखालची फिल्म टवके टवके निघते आणि जाताना गाडीचा मूळ रंग घेऊन जाते.

फवारणीच्या बाजूनेही बोलायला हवं. विनाइलसाठीच बनवलेले लवचीक द्रव लेप बाजारात मिळतात, पाण्यावर आधारित किंवा अतिनील दिव्याखाली पक्के होणारे. खोलगट वळणं, रिव्हेटची डोकी, अशा जागी फिल्म नीट बसत नाही, तिथे ते उपयोगी पडतात. छापणाऱ्याकडे योग्य यंत्र असेल तर थरही बऱ्यापैकी सारखा बसतो. माझा विरोध द्रव लेपाला नाही. गॅरेजमधला दोन डब्यांचा, हार्डनर मिसळायचा क्लिअर कोट उचलून स्टिकरवर मारण्याला आहे.

आणि या विरोधाचं सर्वात मोठं कारण मोदक नाहीच. तो कोट मारणारा माणूस आहे. त्या दुसऱ्या डब्यात, हार्डनरमध्ये, आयसोसायनेट असतं. हा शब्द आपल्याला भोपाळमुळे माहीत आहे. १९८४ ला तिथे सुटला तो मिथाइल आयसोसायनेट, वायूसारखा उडणारा. गाडीच्या रंगातला त्याचा दूरचा भाऊबंद तसा उडत नाही, पण बंदुकीतून फवारला की धुक्यासारखे थेंब होऊन फुप्फुसात जातो. काही जणांना त्याची ॲलर्जी जडते आणि दमा होतो. रंगकाम करणाऱ्यांमधल्या दम्याचं हे एक नावाजलेलं कारण आहे. एकदा ॲलर्जी जडली की नंतर अगदी कणभर धुकंही पुरतं, त्या माणसाला तो धंदा सोडावा लागतो. आणि त्याला नीटसा वासही नाही, म्हणजे नाक सावध करत नाही. त्यासाठी बंद बूथ लागतो आणि बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा. तोंडाला बांधलेला रुमाल नाही, साधा कागदी मास्कही नाही. वहिनींबरोबर मी दुकानाच्या मागच्या गाळ्यात गेले, तिथे एक पंखा होता आणि विशीतला एक मुलगा होता. गळ्यात गमछा. कुठला, विचारलं तर म्हणाला नेपाळचा. दुकानदाराने अभिमानाने सांगितलं की याचा हात फार साफ आहे.

तेव्हा आपल्या मोदकाची चमक या मुलाच्या फुप्फुसातून जाऊ नये, एवढं तरी आपल्या हातात आहे. लॅमिनेट फिल्म रोलरमधून दाबून चिकटवतात. त्यात फवारणीच नाही.

आपल्याकडे हे मोठ्या प्रमाणावर झालेलं तुम्ही पाहिलं असेल. मे २०१७ मध्ये मुंबई-करमळी तेजस एक्सप्रेस सुरू झाली, सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना. तिच्या डब्यांना बाहेरून विनाइल चढवलं होतं आणि त्याचं वर्णन ग्राफिटी-रोधक असं केलं गेलं, म्हणजे वर पुसता येणारा रक्षक थर. कोकणातला पाऊस, समुद्राची खारी हवा, वर धुलाईचे ब्रश, असा हा मार्ग. (पहिल्याच फेरीनंतर बातम्या झाल्या त्या मात्र गायब झालेल्या हेडफोनच्या. बाहेरच्या थराची चिंता करणाऱ्यांनी आतल्यांची केली नव्हती.) रेल्वेने डब्यावर गॅरेजचा क्लिअर कोट मारला नाही, हे आपण लक्षात घ्यावं.

धुळीबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. इथली धूळ चुनखडी, जिप्सम आणि क्वार्ट्झची. दोह्यातल्या कतार एन्व्हायर्नमेंट अँड एनर्जी रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सौरपट्ट्यांवर धूळ कशी बसते यावर वर्षानुवर्षं काम झालं आहे. रात्री दव पडतं, धुळीतले क्षार त्यात विरघळतात, सकाळी पाणी उडून गेलं की ते पुन्हा घट्ट होतात आणि धुळीचे कण काचेला सिमेंटसारखे चिकटतात. गाडीवरही तेच होतं. मग पार्किंगमधला माणूस कोरड्या फडक्याने ती खसाखसा पुसतो, म्हणजे क्वार्ट्झचा पॉलिशपेपर मारतो. आधी पाणी ओता, मऊ होऊ द्या, मग पुसा. सगळ्यात चांगल्या लॅमिनेटलाही याची गरज आहे.

तर दुकानात गेलात की काय विचाराल? फिल्म ओतून केलेली आहे, म्हणजे कास्ट, की लाटून केलेली, कॅलेंडर्ड? लाटलेल्या फिल्मला लाटताना बसलेला ताण आठवतो आणि ऊन लागलं की ती आकसायला बघते, कडा सोडते. ओतलेली तशी वागत नाही, पण महाग पडते. लॅमिनेट त्याच जातीचं आहे ना? कास्टवर कास्ट. एक आकसणारं आणि एक न आकसणारं जोडलं की पापडासारखं वळणारच. आणि छापल्यावर लॅमिनेट करायच्या आधी किती वेळ थांबता? सॉल्व्हंट शाईला निदान एक दिवस, शक्यतो दोन, मोकळं ठेवायला लागतं, नाहीतर अडकलेलं द्रावक खालचा डिंक मऊ करतं. या शेवटच्या प्रश्नाला दुकानदार गप्प बसतात. त्यात दोष आपलाही आहे. "उद्या सकाळी हवंय" असं आपणच म्हणतो, आणि बिलातून पहिली ओळ लॅमिनेशनची आपणच खोडतो. वहिनींनी दोन वर्षांपूर्वी तेच केलं होतं, मला नंतर कळलं. आणि खरं सांगायचं तर तेव्हा त्यांना "एवढ्याशा व्हॅनला कशाला हवंय" म्हणणारी मीच होते.

नवीन काम गेल्या महिन्यात झालं, दुसऱ्या दुकानात. बॉनेट कोरं, नुसतं पांढरं. टपावरही काही नाही. दोन्ही बाजूंच्या दारांवर मोदक, पूर्वीपेक्षा लहान, कास्ट फिल्म आणि वर त्याच कंपनीचं कास्ट लॅमिनेट. खर्च आधीच्या दीडपटीहून जास्त आला. वहिनी दोन दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होत्या.

दुकानदाराकडून उरलेले तळहाताएवढे तीन तुकडे मी मागून आणले आहेत: एक नुसता छापलेला, एक लॅमिनेट केलेला, एक विनाइलचा द्रव लेप मारलेला. तिन्ही ॲल्युमिनियमच्या एका पत्र्यावर चिकटवून आमच्या इमारतीच्या गच्चीवर आडवे ठेवलेत, प्रत्येकाचा अर्धा भाग जाड फॉइलने झाकून. वॉचमनने दोनदा विचारलं की हे काय आहे, मी सांगितलं मोदक आहेत. फॉइल सप्टेंबरच्या शेवटी काढणार आहे, तेव्हा फोटो इथेच टाकेन.